आयतं ताट

“अहो, माझी ऑर्डर आली. पुढच्या आठवड्यात सोलापूर, तीन दिवस.”

आमच्या घरात हे वाक्य उच्चारलं की पहिला प्रश्न ठरलेला. बस किती वाजता, उतरणार कुठं, यातलं काही नाही. पहिला प्रश्न, “मग इथल्या जेवणाचं काय?” त्याचं उत्तर माझ्याकडे तयार असतं. दळण आणून ठेवलंय, भाज्या निवडून ठेवते, पोळ्यांचं शेजारच्या मावशींना सांगितलंय. ते ऐकून झालं, की सासूबाई दुसरा प्रश्न विचारतात, “आणि तू गं काय खाशील तिकडं?” आणि उत्तराची वाट न बघता दशम्यांची कणीक मळायला घेतात.

मी साताऱ्यात एका शाळेत अर्धवेळ शिक्षिका आहे. इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. परीक्षांची कामं, प्रशिक्षणं, उत्तरपत्रिकांच्या बैठका अशा निमित्तानं वर्षातून तीन-चार वेळा मला परगावी जावं लागतं. पहिली काही वर्षं मी सासूबाईंच्या दशम्यांवरच काढली. एसटी स्टँडच्या बाकावर, कोपऱ्याकडे तोंड करून घाईघाईनं चार घास गिळायचे आणि वर पाणी प्यायचं. समोर हॉटेल असायचं, पर्समध्ये पैसेही असायचे. पण एकट्या बाईनं हॉटेलात शिरायचं, टेबल अडवून बसायचं आणि सावकाश जेवायचं, हे काही जमत नव्हतं. लोक काय म्हणतील, हा एक भाग झाला. दुसरा त्याहून मोठा. घरी पोरं वरणभातावर भागवत असताना आपण इथं चमचमीत खायचं, हे मनाला टोचायचं. मैत्रिणींनो, हे टोचणं तुमच्यापैकी किती जणींच्या ओळखीचं आहे, ते मी विचारतही नाही!

माझी ही भीड मोडली ती पुण्यात, आणि तीही शहाणपणानं नव्हे, वेंधळेपणानं. २०१७ च्या पावसाळ्यात एका प्रशिक्षणाला गेले होते. स्वारगेटला उतरले आणि डब्याची पिशवी बसमध्येच राहिली. दुपारी सुट्टी झाल्यावर बरोबरच्या बाई आपापल्या घरी गेल्या आणि मी पावसात लक्ष्मी रोडवर दुकानं बघत हिंडत राहिले. पोटात कावळे कोकलत होते. तेवढ्यात ‘पूना गेस्ट हाउस’ची पाटी दिसली. हे नाव मी वडिलांच्या तोंडून ऐकलेलं होतं. मूकपटांच्या जमान्यात चित्रपट काढणाऱ्या नानासाहेब सरपोतदारांनी ते १९३५ साली सुरू केलं, त्यामुळं नाटक-सिनेमावाल्यांची तिथं सदा ऊठबस, असं वडील रंगवून सांगायचे. ओळखीचं नाव म्हणून धीर झाला. आत गेले, भिंतीकडची खुर्ची धरली आणि थालीपीठ मागितलं.

कुणी माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही! शेजारच्या टेबलावर एक आजोबा पेपर वाचत होते, पलीकडे दोन कॉलेजच्या मुली खिदळत होत्या. थालीपीठ आलं ते तव्यावरून थेट ताटात, वर लोणी विरघळत होतं. पहिला घास घेतला आणि मला एकदम काय झालं कोण जाणे, डोळेच भरून आले. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. त्या नऊ वर्षांत मी किती थालीपिठं लावली असतील, त्याचा हिशेब नाही. पण पहिलं थालीपीठ माझ्या ताटात कधी पडलं नव्हतं. माझ्या वाटणीला यायचं ते शेवटचं, परात खरवडून काढलेल्या पिठाचं, सगळ्यांचं झाल्यावर गार झालेलं. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. घरात तशी रीतच होती आणि ती मीही कधी मोडली नव्हती. त्या दिवशी मात्र मी गरम थालीपीठ बसून खाल्लं, वर ताक प्याले आणि दुपारच्या सत्रात झोप न येता टिपणं काढली.

त्यानंतर मी डबा नेणं बंद केलं असं नाही. सासूबाईंच्या दशम्या अजूनही पिशवीत असतात. पण एक वेळचं जेवण तरी त्या गावात बसून जेवायचं, असा नेम केला.

दोन वर्षांनी मुंबईला जाणं झालं. उतरले होते नणंदेकडे डोंबिवलीला, काम होतं दादरला. तिथं १९१० सालापासूनचं मामा काण्यांचं उपाहारगृह स्टेशनच्या तोंडाशीच आहे. त्यांचा बटाटेवडा खाल्ला. शिवाजी पार्ककडच्या ‘प्रकाश’मध्ये साबुदाणावडा आणि पियूष घेतलं. पियूष म्हणजे श्रीखंड-ताकाचं, जायफळ-केशराचा वास असलेलं पेय. उन्हातून आल्यावर तो पेला म्हणजे अगदी अमृत. पण मला पदार्थांपेक्षाही लक्षात राहिल्या त्या तिथल्या बायका. ऑफिसातून आलेल्या, खांद्याला पर्स, एकटीनं येऊन टेबलाशी बसायच्या, खायच्या, पैसे टाकायच्या आणि निघायच्या. ना संकोच, ना घाई. एकटीनं जेवणं ही त्यांच्या लेखी बातमीच नव्हती.

घरी येऊन हे सगळं सांगत होते, तेव्हा माझे सासरे, एरवी फारसं न बोलणारे, मध्येच म्हणाले, “दादर-लालबागच्या बायका तशाच. आम्हाला त्यांनीच जगवलं.”

सासरे तरुणपणी लालबागच्या एका गिरणीत होते, हे मला माहीत होतं. पण ते जेवत कुठं, हे मी कधी विचारलं नव्हतं. साताऱ्या-कोल्हापुराकडून, कोकणातून गेलेले हजारो कामगार असेच एकटे राहायचे, एका खोलीत दहा-पंधरा जण. त्यांना दोन वेळचं जेवायला घालायच्या त्या चाळीतल्या खानावळवाल्या बायका. त्यांच्या खानावळीला ना पाटी, ना टेबलं. राहती खोली हीच खानावळ. किराणा उधारीवर, अडीअडचणीला सावकाराचं व्याज. अशाच बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. मग १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. दोन लाखांहून जास्त कामगार घरी बसले. पगार थांबले, पण पोटं थोडीच थांबणार?

“आमची बाई पाच महिने उधारीवर घालत होती,” सासरे म्हणाले. “मग मी गावी आलो, तो परत गेलोच नाही. गिरणी सुटली. तिचे पैसे द्यायचे राहिले.”

एवढं बोलून ते अंगणात निघून गेले. सासूबाई मला हळूच म्हणाल्या, “हे त्यांनी मलासुद्धा दोनदाच सांगितलंय.” त्या दिवसापासून मी कुठंही जेवायला बसले की माझं लक्ष ताटावरून आत, मुदपाकखान्याकडे जायला लागलं. हे कोण रांधतंय? किती वाजता उठलं असेल?

चिपळूणला गेले ती मार्च २०२३ मध्ये. १७ मार्चला एसटीनं बायकांना अर्धं तिकीट केलं होतं आणि त्यानंतरच्याच आठवड्यात माझी ऑर्डर. मोठ्या ऐटीत अर्धं तिकीट काढलं. पाटण, कोयनानगर मागं पडलं आणि कुंभार्ली घाट उतरताना हवा बदलल्याचं अंगालाच कळलं. दुपारी बाजारपेठेजवळ एका लहानशा खानावळीत शिरले. नवरा-बायको दोघंच चालवतात. तो वाढतो, ती रांधते. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी आणि शेवटी वाटीभर सोलकढी. आमसुलांचा आंबटपणा आणि नारळाच्या दुधाचा गोडवा असा जमला होता, की मी लाज सोडून दुसरी वाटी मागितली.

हात धुवायला उठले तर भिंतीवर, माझ्या डोक्याच्याही वर, एक मळकट रेघ दिसली. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी तिथपर्यंत चढलं होतं. सगळी भिंत त्यांनी नव्यानं रंगवली होती, तेवढी रेघ मात्र तशीच ठेवली होती. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, “भांडी गेली, धान्य गेलं, गॅसची शेगडीसुद्धा चिखलात. दहा-बारा दिवस आम्हीच मदतवाल्यांच्या रांगेत उभं राहून खिचडी खाल्ली. मग शेजारणीनं पातेलं दिलं आणि परत सुरुवात केली. काय करणार? येतं तेवढंच.”

“येतं तेवढंच.” किती जणींच्या तोंडी हे वाक्य असतं! आणि त्या तेवढ्यावर संसार परत उभा राहतो.

आता सोलापूर. खरं तर हे सगळं लिहायला बसले ते सोलापूरसाठीच.

गेल्या वर्षाच्या आधीच्या जानेवारीत, म्हणजे २०२४ मध्ये, ही ऑर्डर आली. पुसेगाव, म्हसवड, पंढरपूर असा रस्ता. पंढरपूरच्या पुढं बस बिघडली आणि सोलापूर स्टँडवर उतरायला रात्रीचे नऊ वाजून गेले. माझ्याबरोबर येणाऱ्या बाई आजारी पडल्यामुळं मी एकटीच. शाळेतल्या एका सरांनी सांगितलेल्या लॉजवर गेले. काउंटरवरच्या माणसानं वर न बघताच विचारलं, “सोबत कोण आहे?”

“कोणी नाही. मी एकटीच.”

“एकट्या लेडीजला रूम देत नाही.”

मी आधारकार्ड दाखवलं, कामाची ऑर्डर दाखवली. “तीन दिवसांचे पैसे आगाऊ देते,” म्हटलं. त्यानं मान हलवली आणि टीव्हीकडे तोंड फिरवलं. मी बॅग उचलून खाली आले. हात थरथरत होते. भीतीपेक्षाही अपमानानं. दोन पोरांची आई, दहा वर्षं शाळेत शिकवणारी, आणि एका खोलीला लायक नाही! घरी फोन करावा असं मनात आलं. पण ‘हे’ साताऱ्याहून काय करणार? उलट पुढच्या वेळी “नकोच ते जाणं” असं ठरायचं. म्हणून फोन परत पर्समध्ये टाकला.

समोर एका खानावळीत दिवा होता. आधी पोटात काहीतरी घालावं म्हणून शिरले. साठीच्या एक बाई गल्ल्यावर बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं आणि म्हणाल्या, “काय वो ताई, तोंड का उतरलंय एवढं? बसा की आधी.”

ज्वारीची गरम भाकरी आली, मंगळवेढ्याकडच्या ज्वारीची, पांढरीशुभ्र. भरलं वांगं, दही आणि तेल सुटलेली शेंगाचटणी. जेवता जेवता मी सगळं सांगून टाकलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि लसणाचं ताट बाजूला सारून म्हणाल्या, “वरती माझ्या लेकीची खोली मोकळी हाय. लगीन होऊन गेली ती. झोपा की तिथं.”

मला झोप लागली ती आतून कडी लावलेल्या, गोधडीला धुतल्याचा वास असलेल्या त्या खोलीत. जाग आली ती पहाटे साडेचारला, खालून येणाऱ्या थाप-थाप आवाजानं. उतरून बघते तर बाई आणि एक मदतनीस मुलगी भाकऱ्या थापत होत्या. शेजारी कडक भाकऱ्यांची चळत, दुकानांत द्यायला. ओल लागू न देता नीट ठेवली तर ही भाकरी कितीतरी दिवस टिकते, दही-चटणीबरोबर कुरुकुरू खायची. मीही एक थापायला घेतली. ती कडेला फाटली. बाई हसल्या, “तुमचा हात पोळीचा!”

त्यांचे यजमान वारल्यावर वीस वर्षं त्या ही खानावळ चालवतात. ड्रायव्हर-कंडक्टर, परगावची शिकणारी मुलं, दवाखान्यात पेशंट घेऊन आलेले लोक अशी सगळी गिऱ्हाइकं. मी सहज विचारलं, “आणि तुम्ही जेवता कधी?”

“तीन वाजता. गिऱ्हाईक हटलं की.”

“काय जेवता?”

त्या जरा गप्प राहिल्या. “उरलं आसंल ते. का वो?”

तिसऱ्या दिवशी माझं काम दुपारी लवकर संपलं. तीनच्या सुमारास मी खानावळीत आले, सरळ आत गेले, ताट घेतलं आणि त्या मदतनीस मुलीला एक भाकरी ताजी टाकायला सांगितली. बाईंना म्हटलं, “बसा. आज मी वाढते.” त्या “नको नको” करत राहिल्या. शेवटी बसल्या, पण कशा? खुर्चीच्या कडेवर, पदर सावरत, कुणी बघतंय का ते बघत. अगदी मी पुण्यात बसले होते तशा. पहिला घास घेतल्यावर मान खाली घालून बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

निघताना जेवणाचे पैसे त्यांनी मोजून घेतले. ते बरोबरच होतं. खोलीचे मात्र काही केल्या घेईनात. “लेकीच्या खोलीचं कुणी भाडं घेतं का?”

परत आल्यावर योगायोग असा, की नववीच्या वर्गात समतेचा हक्क शिकवायचा होता. आपलं संविधान २६ जानेवारी १९५० पासून लागू झालं. त्याच्या कलम १५ मध्ये स्पष्ट लिहिलंय, की केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणत्याही नागरिकाला दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत जाण्याला आडकाठी करता येणार नाही. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. त्या रात्री काउंटरसमोर मात्र यातला एक शब्द आठवला नव्हता. मुलांना सगळी हकिगत सांगितली. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “मॅडम, मग तुम्ही त्याला हे का नाही सांगितलं?”

मी खरं ते सांगितलं, “घाबरले होते गं. आता सांगेन.”

तुमच्यापैकी ज्या कामाला बाहेरगावी जातात, त्यांना माझ्या अनुभवातून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. लॉजला आधी फोन करून “मी एकटी येणार आहे” असं स्पष्ट सांगा, आणि “चालेल” म्हणणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. शक्यतो उजेडी पोचेल अशी गाडी धरा. खोलीत शिरल्याबरोबर आधी कडी-कोयंडा तपासा. अडचण आलीच तर ११२ हा नंबर लक्षात असू द्या. जेवायला जिथं गावातली माणसं जेवतात तिथं जा, कारण तिथं अन्न शिळं राहत नाही. कच्ची कोशिंबीर टाळा, गरम ते खा. पडद्यामागच्या ‘फॅमिली रूम’मध्ये लपून बसण्यापेक्षा गल्ल्याजवळचं टेबल बरं. आणि जेवण आवडलं तर आत जाऊन सांगा. ज्यांच्या हातचं असतं त्यांच्यापर्यंत ते क्वचितच पोचतं.

सोलापूरच्या बाईंची शेंगाचटणीही सांगून टाकते. दोन वाट्या शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून सालं काढायची. दहा-बारा लसणाच्या पाकळ्या, चमचाभर जिरं, दोन चमचे लाल तिखट आणि मीठ घालून खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटायचं. मिक्सरमध्ये करायची तर थांबत थांबत फिरवा, एकदम पीठ करू नका.

घरी आल्यावर ही चटणी केली. भाकरी मात्र थापता थापता सगळ्यांबरोबरच बसले. मुलाला म्हटलं, “पुढची तव्यावरची तू आण.” त्यानं आणली, जरा करपवून. कुणी काही बोललं नाही. आता रविवारी आमच्याकडे असंच चालतं. सासूबाई पहिले दोन रविवार कुरकुरल्या. तिसऱ्या रविवारी पहिली गरम भाकरी मी त्यांच्या ताटात वाढली, तेव्हा मुकाट्यानं जेवल्या.

त्या सोलापूरच्या रात्रीची हकिगत मी सासऱ्यांना सांगितली, तेव्हा त्यांनी एकच विचारलं, “त्या बाईचे पैसे चुकते केलेस ना?”

“जेवणाचे केले. खोलीचे घेईनात.”

ते उठले, आपल्या कपाटातून पाकीट काढलं आणि नोटा माझ्या हातात ठेवल्या. “साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन जा पुढच्या खेपेला. चांगले दोन किलो घे. आणि तिच्या लेकीला एक साडी.”

नोटा जरा जास्तच होत्या. मी काही बोलले नाही. त्यातले किती सोलापूरचे आणि किती लालबागचे, ते त्यांचं त्यांना माहीत.